चर्चा : साठ दिवस उत्तर नाही, तर तक्रार बंद करावी का?

टिळकवाडीकर :
आपल्या मराठी-कन्नड कीबोर्डच्या तक्रारी बघणारे आम्ही तिघं, तेही नोकरी सांभाळून. निम्म्या तक्रारी "चालत नाही" एवढ्याच. फोन कुठला, आवृत्ती कुठली, टाईप काय केलं, पत्ता नाही. विचारलं तर उत्तर नाही. गिटहबवर, म्हणजे आपला कोड आणि तक्रारी जिथं असतात त्या साइटवर, स्टेल बॉट मिळतो, पडून राहिलेल्या तक्रारी आपोआप आवरणारा प्रोग्रॅम. आपण सेटिंग बदललं नाही तर 60 दिवस हालचाल नसलेल्या तक्रारीवर तो खूण लावतो आणि आणखी 7 दिवसांनी ती बंद करतो. चालू करावा असं माझं मत. रविवारची सकाळ बग वाचण्यात घालवायची की सोडवण्यात?

खडेबाजार_डीटीपी :
त्या "चालत नाही"वाल्यांपैकी एक मीच. मार्चमध्ये लिहिलं होतं, "दऱ्या" टाईप केलं की "दर्या" येतंय. तुम्ही आवृत्ती विचारलात तेव्हा लग्नसराई सुरू. मे संपेपर्यंत पत्रिकांच्या ढिगातनं मान वर काढायला सवड नव्हती ओ. बॉट असता तर माझी तक्रार तेव्हाच गेली असती. इकडं खानापूरच्या एका गिऱ्हाइकाच्या होमस्टेच्या कार्डावर "हिरव्यागार दर्या" छापून गेल्या. जंगलात समुद्र आणलाय तुमच्या कीबोर्डनं.

निपाणीकर :
हसू आलं, तरी मी बॉटच्या बाजूनं. बंद केलेली तक्रार परत उघडता येते, खोडली जात नाही. 2024 च्या मार्चमध्ये एक्सझेडमध्ये, म्हणजे लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या फाइल आवळायच्या मोफत प्रोग्रॅममध्ये, मुद्दाम घातलेला चोरदरवाजा सापडला, आठवतंय? तो प्रकल्प वर्षानुवर्षं जवळजवळ एकटा माणूस सांभाळत होता. काम रखडलंय म्हणून त्याच्यामागं लोकांनी टुमणं लावलं आणि मदतीला आलेल्याच्या हाती कोड बदलायच्या चाव्या गेल्या. त्यानंच घात केला. आपला कीबोर्ड काही एवढा मोठा नाही, पण माणसं तशीच दमतात.

शहापूरची_मी :
मला बॉटपेक्षा "डुप्लिकेट" म्हणायची घाई जास्त खुपते. ह्या "दऱ्या"च्या तक्रारीला जोडून एक कन्नड तक्रार बंद झालीय. निकालाच्या बॅनरवर "ऱ्यांक" लिहायचं होतं, र उडून अर्कावत्तू, म्हणजे कन्नडमधला रफार, झाला. वरवर जुळी भावंडं, पण आतून वेगळी. देवनागरीत हा आडवा र दोन तऱ्हेनं येतो : सरळ ऱ आणि हलन्त, नाहीतर र, हलन्त आणि मग झेडडब्ल्यूजे, म्हणजे जोडाक्षराचं रूप ठरवणारं न दिसणारं चिन्ह. कन्नडमध्ये झेडडब्ल्यूजे हलन्ताच्या *आधी*. क्रमच उलटा! एक दुरुस्त करून दुसरी सुटणार नाही. हे बॉटला कळत नाही, फक्त मराठी वाचणाऱ्यालाही कळत नाही. बेळगावात दोन्ही लिप्या वाचणारे गल्लोगल्ली आहेत. त्यातला एक चौथा शोधा. कोड येत नसला तरी चालेल, तक्रार आपल्या फोनवर करून बघायची आणि "मलाही असंच येतंय" एवढं लिहायचं.

टिळकवाडीकर :
ती डुप्लिकेटची चूक माझी. रात्री साडेअकराला केलेलं काम. कन्नड तक्रार आत्ताच परत उघडली. पण चौथा माणूस दोन महिन्यांत गायब होतो, हे मी तिसऱ्यांदा बघतोय, त्यामुळं त्या भरवशावर राहणार नाही. बॉट हवाच. फार तर तो फक्त "माहिती हवी" लेबलवाल्यांवर सोडू, आणि 60 ऐवजी 90 दिवसांनी. दुसऱ्या कुणी खात्री केलेल्या तक्रारीला तो हात लावणार नाही.

शहापूरची_मी :
आणि "माहिती हवी" लेबल लावणार कोण? तुम्हीच, साडेअकराला.

खडेबाजार_डीटीपी :
90 चालतील, लग्नसराई निघते त्यात. पण माहिती मागता ती इंग्रजीत. "स्टेप्स टू रिप्रोड्यूस" वाचून मला वाटलं झेरॉक्सचं काहीतरी विचारताय. काय दाबलं, काय उमटलं, काय उमटायला पाहिजे होतं, असं मराठीत-कन्नडात विचारा की. आणि ती आवृत्ती नेमकी कुठं बघायची तेवढं सांगा लवकर, गिऱ्हाईक उभं आहे.