जुनी मशीनही बोलते, एक सीटी (करंट मोजणारा सेन्सर) लावा

काही जण म्हणतात की सीएनसी मशीनचा कंट्रोलर जुना असेल तर ती कधी चालते, कधी थांबते हे बघायला नेटवर्कला जोडण्याच्या फंदात पडू नये. मला नाही पटत. ओपीसी यूए किंवा एमटीकनेक्टवाला (मशीनची माहिती नेटवर्कवर देण्याच्या ठरलेल्या पद्धती) कंट्रोलर असेल तर उत्तमच. नसेल तर स्पिंडल ड्राइव्हच्या (स्पिंडलची मोटर चालवणाऱ्या युनिटच्या) इनपुट वायरभोवती क्लॅम्प सीटी अडकवा. करंट चढला की कटिंग, थोडाच असला की नुसतं फिरतंय. फक्त एकच फेज पकडा. तिन्ही एकत्र पकडल्या की बेरीज शून्य येते. (आमचा पहिला दिवस त्यातच गेला!)

भोसरीच्या आमच्या शॉपमध्ये लॉगशीटवर मशीन थांबण्याचं कारण म्हणून रोज 'सेटिंग' लिहिलेलं असायचं. करंटचा ग्राफ बघून मशीनशेजारी उभे राहिलो तेव्हा कळलं, सेटिंग केव्हाच झालेलं असायचं. पहिला पीस तपासायला बोअर गेज (भोकाचा व्यास मोजायचं साधन) मोकळा व्हायची वाट बघत ऑपरेटर थांबलेला. दुसरा गेज घेतला, विषय संपला.

ओईईचा (मशीनची एकूण परिणामकारकता, म्हणजे उपलब्धता, वेग आणि गुणवत्ता यांचा गुणाकार) एकच आकडा भिंतीवर लावून काही होत नाही. उपलब्धता 90, वेग 95, गुणवत्ता 99 टक्के धरली तरी गुणाकार 84.6 येतो. तिन्ही वेगवेगळे दाखवा. आणि थांबण्याची कारणं टाकायला ऑपरेटरला पाच-सहाच बटणं द्या. पंचवीस दिलीत की सगळं 'इतर'मध्ये जातं.