कॉस्मेटॉलॉजी लायसन्स: बारा वर्षं पार्लर चालवलेल्या बाईने पुन्हा शाळेत का जावं?

निळावंती (धागाकर्ती)

माझी नणंद. नाशिकला कॉलेज रोडवर बारा वर्षं स्वतःचं पार्लर, त्याआधी मुंबईत सिडेस्कोचा (ब्यूटी क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संस्थेचा) डिप्लोमा. लग्नसराईत पहाटे चारला एक नवरी तयार करून साडेसहाला दुसऱ्या कार्यालयात हजर, असा खाक्या. आता ग्रीन कार्डावर आमच्याकडे फ्रीमाँटला आलीय आणि हात स्वस्थ बसत नाहीत. इथे कॅलिफोर्नियात कळलं, की केस, फेशियल, वॅक्सिंग असं पार्लरचं सगळं काम पैसे घेऊन करायचं, म्हणजे कॉस्मेटॉलॉजीचं लायसन्स घ्यायचं, तर आधी मान्यताप्राप्त शाळेत १००० तास, मग लेखी परीक्षा, मग लायसन्स. आठवड्याला ३५ तास धरले तरी जवळपास सात महिने. फीचा आकडा ऐकल्यावर तिने मनातल्या मनात रुपये केले आणि दोन दिवस बोललीच नाही.

माझं मत स्पष्ट आहे. हे कुंपण ग्राहकासाठी नाही, आत बसलेल्यांनी बाहेरच्यांसाठी घातलेलं आहे. केस वाईट कापले तर बाई परत येत नाही, याहून कडक परीक्षा कोणती? बोला.

कात्रीवाली

सनीव्हेलमध्ये नऊ वर्षं लायसन्सवर काम करतेय, म्हणून लिहिते. केस चांगले कापता येतात का, हे लायसन्स सांगतच नाही. ते मला शाळेने अर्धवट आणि पहिल्या मालकिणीने ओरडून ओरडून शिकवलं. लायसन्सचा जोर दुसरीकडे आहे. प्लकर, कात्री, कंगवा एकीला लागला की आधी धुवायचा, मग जंतुनाशकात पूर्ण बुडवायचा, मुठीसकट, आणि बाटलीवर लिहिलेली मिनिटं भरेपर्यंत बाहेर काढायचा नाही. वॅक्सची काडी एकदा अंगाला लागली की कचऱ्यात. परत डब्यात नाही. नणंदेला खरं खरं विचार, नाशिकला वॅक्सच्या डब्यात एकच सुरी दिवसभर फिरायची की नाही.

शिवाय रसायनं. केस सरळ करायच्या काही क्रीममध्ये कॉस्टिक सोडा असतो, तुंबलेली मोरी उघडतात तोच. डोक्यावर पाच मिनिटं जास्त राहिला तर काय होतं ते मी शाळेत फोटोत पाहिलंय. जेवण गेलं नाही त्या दिवशी.

आणि वॉटसनव्हिल माहीत आहे का? कॅलिफोर्नियातलंच गाव. २००० साली तिथल्या एका नेल सलूनमध्ये पेडिक्युअर केलेल्या शंभराहून जास्त गिऱ्हाइकांच्या पायांवर गळवं उठली, महिनोन्महिने बरी होईनात. पाय बुडवायच्या टबाच्या जाळीमागे केस आणि मळ साचला होता, त्यात जंतू पोसले गेले होते.

तिरकस_चष्मा

म्हणजे परवान्यांच्या राज्यातच झालं ना हे? कॅलिफोर्नियात लायसन्स तेव्हाही लागायचंच. जाळी धुवायला अक्कल आणि वर अचानक येणारा इन्स्पेक्टर पुरतो, हजार तास लागत नाहीत.

आणि हा हजारचा आकडा तरी कुठला? २०२१ संपेपर्यंत हेच १६०० तास होते. जानेवारी २०२२ पासून कायदा बदलून १००० केले, प्रात्यक्षिक परीक्षाच काढून टाकली. कुणाचे केस गळून पडले का त्यानंतर? मग ते ६०० तास इतकी वर्षं कशासाठी भरून घेत होते? निळावंतीताईंचं कुंपण हेच.

कात्रीवाली

१६०० जास्तच होते, मान्य. मी भरलेत ते, त्यामुळे जरा जळफळाटही आहे. पण १६०० चुकले म्हणून शून्य बरोबर ठरत नाही.

रेघोट्या

शून्य कसं दिसतं ते मी सांगते. पुणे. भावाच्या लग्नाला आठ दिवस असताना घराजवळच्या पार्लरमध्ये 'ग्लो येईल' म्हणून पील केलं. काय लावलं विचारलं तर 'फ्रूटचं आहे हो'. कपाळावर दोन बोटं रुंद चट्टा, वर खपली. सगळ्या फोटोंत माझी बट त्याच बाजूला ओढलेली आहे. भांडायला गेले तर बाई म्हणाली, तुमची स्किनच सेन्सिटिव्ह. भिंतीवर तीन सर्टिफिकिटं फ्रेम करून लावलेली. त्यातलं एक साडी नेसवण्याचं होतं.

पेठेतली_डॉक्टर

त्वचारोगतज्ज्ञ आहे, असे चट्टे लग्नसराईत नेमाने येतात. आपल्याकडे पार्लरला गुमास्ता लागतो, पण आतल्या बाईच्या हाताला परवाना नाही. आयटीआयमध्ये कॉस्मेटॉलॉजीचा वर्षाचा कोर्स आहे, चांगला आहे, सक्तीचा नाही. त्यात 'कॉस्मेटॉलॉजिस्ट' ही पाटी पार्लरवरही असते आणि क्लिनिकवरही. पेशंटने फरक ओळखायचा कसा? कात्रीवाली, तुमच्या लायसन्सवर लेसर, बोटॉक्स चालतं का? अमेरिकेतून येणाऱ्या पेशंट 'आमच्या सलूनमध्ये करतात' म्हणतात, म्हणून विचारते.

कात्रीवाली

अजिबात नाही. माझ्या लायसन्सवर केस कापणं, रंगवणं, कुरळे-सरळ करणं, फेशियल, वॅक्सिंग, मेकअप, पापण्या, मॅनिक्युअर-पेडिक्युअर. सुई त्वचेत गेली की माझं काम संपलं. इंजेक्शन नाही, लेसर नाही, चामखीळ काढणं नाही, टाचेची जाड कातडी पात्याने कापणंही नाही. इलेक्ट्रोलिसिसचं (विजेने केस मुळातून काढण्याचं) लायसन्स वेगळं. भिवयांचं मायक्रोब्लेडिंग (बारीक पात्याने त्वचेत रंग भरणं) आमची लायसन्स देणाऱ्या राज्याच्या बोर्डाकडे येतच नाही, ते टॅटूवाल्यांच्या कायद्यात, नोंदणी काउंटीकडे, म्हणजे जिल्ह्याकडे. गंमत म्हणजे पुरुषाची वस्तऱ्याने दाढीसुद्धा मला करता येत नाही, ते बार्बरचं. ज्या सलूनमध्ये बोटॉक्स होतं तिथे ते लायसन्सवाल्या नर्सने किंवा डॉक्टरने केलेलं असायला हवं. नसेल तर पळा.

टेक्सासची_ताई

ह्यूस्टनहून. तुम्ही दोघी-तिघी रसायनं आणि सुया घेऊन बसलात, पण आपल्या बायकांचं पोट चालतं ते दोऱ्यावर. टेक्सासात थ्रेडिंगवाल्यांनाही एस्थेटिशियनचे (फेशियल-वॅक्स करणाऱ्यांचे) ७५० तास भरायला लावत होते. आणि शाळांवर थ्रेडिंग शिकवायचं बंधनही नव्हतं! पटेल नावाचे गृहस्थ आणि इतर काही जण कोर्टात गेले. जून २०१५ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ती अट रद्द केली. निकालात हिशेबच मांडलाय, ७५० पैकी ३२० तासांचा भिवया कोरण्याशी संबंध नाही. कॉलेज शिकवणार वॅक्स, बाई करणार थ्रेडिंग. असं असतं का कुठे?

तिरकस_चष्मा

हे वाचून आजचा चहा गोड लागला.

रेघोट्या

पण दोरा दातात धरतात त्याचं काय? तोच दोरा, तेच तोंड, पुढची बाई. मी तर पार्लरमध्ये दिसलं की उठते.

टेक्सासची_ताई

दातात धरू नये, एक टोक गळ्यात बांधावं, दर गिऱ्हाइकाला नवा दोरा. शिकवायला एक दुपार पुरते. कोर्ट स्वच्छता नको म्हणालं नाही, स्वच्छतेच्या नावाखाली बाकीचं नको म्हणालं.

कात्रीवाली

या बाबतीत ताईंशी सहमत. निळावंती, तुझ्या नणंदेला कुणी सांगितलं का नाही माहीत नाही, पण कॅलिफोर्नियात थ्रेडिंग कॉस्मेटॉलॉजीच्या व्याख्येतूनच वगळलंय. दोऱ्यासाठी लायसन्स लागत नाही. पुढे जायचंच असेल तर हजारच्या मागे लागायची तरी काय गरज आहे? केस कापायचे नसतील तर एस्थेटिशियन ६०० तासांत होतं, त्यात फेशियल, वॅक्स, मेकअप, पापण्या सगळं आलं. नुसती नखं ४०० तास. आणि तिच्या डिप्लोम्याचे तास काही धरतात का, हे शाळेला नाही, बोर्डाला विचारायचं. शाळा तुम्हाला फी भरायलाच सांगणार. लेखी परीक्षा स्पॅनिश, व्हिएतनामी, कोरियनमध्येही देता येते. हिंदीत नाही, तेव्हा इंग्रजी पारिभाषिक शब्द आतापासून पाठ करायला घे म्हणावं.

निळावंती (धागाकर्ती)

थ्रेडिंगचं खरंच माहीत नव्हतं. मी इथे कुंपणावर भाषण ठोकून बसले आणि फाटक उघडंच होतं. माझं मत बदललेलं नाही हां, १००० जास्तच आहेत. पण वॅक्सच्या सुरीबद्दल विचारलं. ती हसली आणि म्हणाली, 'सुरी एकच होती, पण गिऱ्हाईक ओळखीची होती.' यावर मी काही बोलले नाही.

तिचा एक प्रश्न आहे. भिवयांच्या टोकाला एखादा चिवट केस दोऱ्यात येत नाही, तो ती शेवटी प्लकरने ओढून काढते. एकच केस. तेवढं चालेल ना?

कात्रीवाली

नाही. प्लकरने केस काढणं कायद्याच्या व्याख्येत आहे. दोऱ्याने शंभर केस काढले तरी लायसन्स नको, प्लकरने एक काढला तर हवं.

तिरकस_चष्मा

😂😂 आता बोला.

कात्रीवाली

बोलायचं काय, तिला सांग दोरा अजून एकदा फिरव.