‘राग दरबारी’तल्या लंगडवर हसायचं का?

गिरणीवाला:
श्रीलाल शुक्लांची ‘राग दरबारी’ ही हिंदी कादंबरी (१९६८) तिसऱ्यांदा संपवली. उत्तर प्रदेशातलं शिवपालगंज. कॉलेज, सोसायटी, ग्रामसभा, सगळ्याच्या दोऱ्या गावचे पुढारी वैद्यजी यांच्या बैठकीत. मोतीराम मास्तर सापेक्ष घनता शिकवतात ती पिठाच्या गिरणीचं उदाहरण देऊन, कारण गिरणी त्यांची स्वतःची! चड्डीवर हिंडणारा सनीचर शेवटी ग्रामप्रधान होतो. इतकी इरसाल माणसं एका गावात दुसरीकडे भेटली असतील तर सांगा.

काळी माती:
भेटली, पण त्यांना लेखकाने अशी वरून न्याहाळली नव्हती. लंगडचंच घ्या. तहसिलीत एका कागदाची नक्कल हवी. बाबू लाच म्हणून पाच रुपये मागतो, हा म्हणतो दर दोनचा. मग हा हट्टाला पेटतो, नियमानेच घेईन. आणि बाबूही, नियमानेच देईन. पहिल्यांदा वाचताना पोट धरून हसले होते. पुढे वडिलांच्या फेरफारासाठी मी स्वतः चौदा खेटे घातले. नंतर तीच पानं उघडली, हसू काही येईना.

गिरणीवाला:
अहो, पण तो टोला कचेरीला आहे, लंगडला नाही. शुक्ल स्वतः प्रशासकीय सेवेत होते. आतल्या माणसानेच आतली लक्तरं वेशीवर टांगली.

काळी माती:
मग गावातली माणसं लंगडला का हसतात? नक्कल तयार होते तेव्हा हा आजारी. मुदत संपते, कागद फाडला जातो. यात विनोद नेमका कुठे, दाखवा.

एसटी पास:
मला वाटतं खरा मार रंगनाथला आहे. एम.ए. झालेला भाचा, तब्येत सुधारायला मामाकडे, म्हणजे वैद्यजींकडे आलाय. सगळं कळतं, करत काहीच नाही. म्हणजे आपल्यासारखाच, चहा पीत प्रतिसाद टंकणारा. (हा टोमणा स्वतःलाच, कुणी अंगाला लावून घेऊ नये.)

काळी माती:
हे पटलं. आता बेलाचं, त्या गावातल्या तरुणीचं सांगा. गावभर तिची कुजबुज, ती मात्र कुठे दिसत नाही. एवढ्या जाड कादंबरीत एकही बाई नीट बोलत नाही?

गिरणीवाला:
बेलाच्या बाबतीत मी गप्प. तिथे बचाव नाही. लंगडवर मात्र अजून भांडेन; मधल्या काळात तुमचा फेरफार झाला की नाही ते तरी कळवा.

काळी माती:
झाला. वडिलांच्या नावात चूक आहे. पंधरावा खेटा सोमवारी.