सीबीनॅट निगेटिव्ह, तरी टीबीची औषधं?

सातपूरकर: बाबांच्या उजव्या छातीत पाणी झालंय, वय ६१, महिनाभर रोज संध्याकाळी ताप. पाणी काढून तपासलं तर एडीए (टीबीत वाढणारं एन्झाइम) ६८, लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) भरपूर, पण सीबीनॅट निगेटिव्ह. डॉक्टर म्हणतात टीबीच आहे, औषध चालू करू. अहो जंतूचा डीएनए शोधणारी टेस्टच नाही म्हणतेय तर सहा महिने गोळ्या कशाच्या जोरावर?

लॅबवाली ताई: छातीच्या पाण्यात ही टेस्ट कमीच पडते हो. ते पाणी मुख्यतः शरीराच्या प्रतिक्रियेमुळे साठतं, त्यात जंतू अगदी तुरळक, आणि सीबीनॅटच्या जुन्या कार्ट्रिजला मिलीलिटरमागे शंभरच्या वर जंतू लागतात, अल्ट्रा म्हणजे नव्या कार्ट्रिजला १६ च्या आसपास. कल्चरला (जंतू वाढवून बघायची टेस्ट) टीबी निघालेल्यांतसुद्धा जुनी टेस्ट निम्म्यांनाच पकडते आणि छातीच्या पाण्यात कल्चर पण बऱ्याचदा कोरंच येतं. मानेच्या गाठीतून सुईने काढलेलं सॅम्पल असेल तर हीच टेस्ट १० पैकी ८ तरी पकडते. डब्ल्यूएचओने २०१३ मध्ये मेंदूतल्या पाण्यासाठी, गाठींसाठी ती चालेल म्हटलं तेव्हाच छातीचं पाणी कमजोर सॅम्पल आहे हे सांगितलं होतं. पॉझिटिव्ह आली तर मात्र डोळे झाकून धरा.

कोल्हापुरी रस्सा: बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) करायची ठरली तर आधीच बोलून ठेवा. आईच्या मानेची गाठ काढली ती अख्खी फॉर्मलिनच्या डबीत टाकली, त्यात जंतू मरतात, ग्रॅन्युलोमा (टीबीत दिसणारा पेशींचा पुंजका) दिसला पण कल्चरला काही उरलंच नाही, पुढे औषधाला दाद देईना तेव्हा रिफाम्पिसिन (टीबीचं मुख्य औषध) चालतंय का हे बघायला परत सुई. एक तुकडा साध्या सलाइनमध्ये वेगळा पाठवायला सांगा, आणि ऑपरेशनच्या आधी सांगा, नंतर कोण ऐकतंय.

छातीचा डॉक्टर: ताई, डोळे झाकून नको, आधी टीबी होऊन गेला असेल तर मेलेल्या जंतूंचा डीएनएही सापडतो. बाकी बरोबर. एडीए ४० च्या वर, लिम्फोसाइट जास्त, रोजचा ताप, म्हणजे आपल्याकडे टीबीच आधी डोक्यात येतो, तुमच्या डॉक्टरांचं चुकलेलं नाही. पण लिम्फोमात (लिम्फ पेशींचा कॅन्सर) पण एडीए वाढतो, वय बघता सायटोलॉजी (पाण्यात कॅन्सरच्या पेशी आहेत का ही तपासणी) झालीय का विचारा, शंका राहिली तर दुर्बिणीतून प्लुराची (फुप्फुसाभोवतीचं आवरण) बायोप्सी. आणि निगेटिव्ह रिपोर्टवरून औषध लागू पडेल की नाही हे काहीच कळत नाही. थुंकी पाठवली का? खोकला नसला तरी वाफ देऊन काढता येते, कधी कधी तिथेच सापडतो.

सातपूरकर: थुंकी कुणी मागितलीच नाही डॉक्टर, खोकला नाही म्हणून असेल. सायटोलॉजीचा कागद फाईलमध्ये दिसत नाहीये, उद्या सकाळी दोन्ही विचारतो.