पोराचं गुपित मुख्याध्यापकांनी घरी सांगायचं का?

खडूवाली (धागाकर्ती):
राहते कल्याणला, शाळा मुरबाड तालुक्यात. नववीतल्या एकाला वर्गात सर्रास 'बायल्या' म्हणतात. त्याची पाण्याची बाटली संध्याकाळी भरलेलीच घरी जाते. पाणी प्यायलं की मुतारीत जावं लागतं, आणि तिथे पोरं टपलेली असतात. मुख्याध्यापक म्हणाले, "वडिलांना बोलावून सांगू." कसंबसं थांबवलं. माझं म्हणणं, बोलवायचंच तर त्रास देणाऱ्यांच्या आईबापांना बोलवा.

पटसंख्या:
मॅडम, मी अशाच एका शाळेचा मुख्याध्यापक. उद्या वडिलांनी विचारलं, "ठाऊक होतं तर सांगितलं का नाही?" तर कॉलर माझी धरतील. गावात कुजबुज झाली की चार दाखले निघतात. पट घसरला की संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरतात त्यात) एक शिक्षक अतिरिक्त. कदाचित तुम्हीच! आणि आधार कशाचा घ्यायचा? एनसीईआरटीने २०२१ मध्ये तृतीयपंथी मुलांना शाळेत सामावून घेण्याबद्दल शिक्षकांसाठी पुस्तिका काढली. ओरड झाली, लगेच संकेतस्थळावरून उतरवली. दिल्लीची ही गत, तर माझं काय?

ऐरोलीकर_मूळचा_शहापूरचा:
सर, आमच्या सरांनीही दहावीत 'काळजीपोटी' बाबांना सांगितलं होतं. बाबांनी एक शब्द विचारला नाही, कमरेचा पट्टा काढला. पुढची दोन वर्षं मामाकडे काढली. सर भेटले की अजून विचारतात, "घरी कसं चाललंय?" काय सांगू त्यांना!

दोन_मुलांची_आई, ठाणे:
मला सरांचं पटतं. माझ्या मुलाचं शाळेला ठाऊक आणि मला नाही, हे मी खपवून घेणार नाही. सगळेच बाप पट्टा काढत नाहीत. पण मुतारीपाशी कोणाला उभं करायला जीआर कशाला हवा?

पटसंख्या:
कोणाला करू? शिपाई निवृत्त झाला, जागा भरलेली नाही.

खडूवाली:
ताई, तुमचा मुलगा तुम्हाला स्वतः सांगेल तो दिवस वेगळा. हा पोरगा समलिंगी आहे, तृतीयपंथी आहे की नुसता मऊ स्वभावाचा, हे त्यालाही अजून उमगलं नसेल. मग सर वडिलांना नक्की सांगणार काय? 'चालतो कसा' ते? तृतीयपंथीयांच्या हक्कांवरच्या नालसा निकालात सुप्रीम कोर्टाने २०१४ मध्येच म्हटलंय, लिंगओळख ज्याची त्याने ठरवायची. मी तूर्त टेली-मानसचा (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा) १४४१६ नंबर फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलाय, सगळ्याच वर्गासाठी.

पटसंख्या:
'काय सांगणार' याला माझ्याकडे उत्तर नाही, कबूल. मधल्या सुट्टीत मुतारीपाशी मी उभा राहीन. पण घरच्यांना अंधारात ठेवणं मला अजून पटलेलं नाही.