धंद्याचा १० वर्षांचा प्लॅन मधेच बदलावा का?

भोसरीकर:
भोसरीत भाड्याच्या गाळ्यात वर्कशॉप आहे, दोन सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारे लेथ), मोटरसायकलच्या गिअरबॉक्सच्या शाफ्टचं जॉबवर्क करतो. २०१८ ला मी आणि बायकोनं वहीत लिहून ठेवलं, १० वर्षांत स्वतःचा गाळा, त्यासाठी महिन्याला १५ हजाराची एसआयपी, हात लावायचा नाही. मार्च २०२० ला सेन्सेक्स एका दिवसात १३ टक्के पडला, मशीनं बंद, हप्ते चालू, तरी थांबवली नाही. आता धाकटा भाऊ म्हणतो ते पैसे मोड, व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) घेऊ, इलेक्ट्रिक गाड्यांचे ॲल्युमिनियमचे पार्ट करू. माझं मत, ठरवलं ते ठरवलं. सारखे प्लॅन बदलणाऱ्यांचे गाळे बंद पडताना बघितलेत मी.

चाकण_नाईटशिफ्ट:
नाही पटलं दादा. आपल्या शेजारच्या बजाजचंच बघा. २००९ ला स्कूटर बंद करायचं जाहीर केलं, फक्त मोटरसायकल म्हणून. राहुल बजाजांना स्वतःला ते आवडलं नव्हतं, तसं ते उघड बोललेही. स्कूटरचं मार्केट ॲक्टिव्हानं खाल्लं आणि २०२० ला चेतक परत आणावी लागली, तीही इलेक्ट्रिक. तिला क्लच नाही, पिस्टन नाही, तुमचा पाच गिअरचा डबा नाही. गाळा स्वतःचा झाला आणि मशीनवर लावायला जॉबच नाही, मग काय करणार?

हिशेबवाली:
मला तर हे उदाहरण उलटंच वाटतं. मधली १० वर्षं मोटरसायकलला चिकटून राहिले म्हणून पल्सर, केटीएम, निर्यात हे सगळं वाढलं, त्याच पैशावर चेतक परत आली. आणि २०२४ ला त्यांचीच सीएनजीवरची फ्रीडम आली, तिला गिअरबॉक्स आहेच की. मी छोट्या वर्कशॉपची जीएसटी आणि बँकेची कामं बघते, माणसं पार्ट चुकल्यानं कमी आणि पेमेंट अडकल्यानं जास्त बुडतात. कायद्यात जास्तीत जास्त ४५ दिवस लिहिलेत, पार्टी ९० लावते, तेव्हा पोरांचे पगार ह्या बाजूला टाकलेल्या पैशातूनच होतात.

चाकण_नाईटशिफ्ट:
मग ताई, पगारासाठी हात लावलेला चालतो आणि मशीनसाठी नाही, हे कसं?

हिशेबवाली:
पेमेंट आलं की पगाराचे पैसे परत भरता येतात. मशीनचं तसं नाही, ऑर्डर असो नसो ५ तारखेला हप्ता जातोच.

भोसरीकर:
ताईंचं पटलं, पण चाकणवाल्या भावाचा 'जॉबच नाही' हा शब्द रात्री डोक्यातून जाईना. सकाळी धाकट्या भावाला घेऊन बसलो. तो एका मोटर हाउसिंगचं सॅम्पल घेऊन आलाय, बेअरिंगच्या सीटला फार टाइट टॉलरन्स आहे, म्हणजे मापात जरासाही फरक चालत नाही, आमच्या सीएनसीवर बसणारं काम नाही. ठरलं असं की पहिले १०० नग दुसऱ्याच्या व्हीएमसीवर तासाच्या भाड्यानं काढायचे, रिजेक्शन किती येतंय ते बघायचं. एसआयपी चालू राहील. गाळा २०२८ ऐवजी २०३० ला झाला तरी चालेल, वहीत तेवढंच वर्ष बदललंय, बायकोनं तिथं तारीख घालून सही केलीय. भोसरी-चाकणला व्हीएमसीचा तासाचा रेट सध्या काय चाललाय, कुणी सांगेल का?