मदत हवी आहे: दिवसभर इतरांना श्वास पाहायला लावते, माझा स्वतःचा पाहता येत नाही

नमस्कार मंडळी,

मी जळगावात नऊ वर्षांपासून योगवर्ग घेते. सध्या दिवसाला पाच बॅच आहेत: पहाटे साडेपाच, मग सात, अकराला गृहिणींची, चारला ऑनलाइन आणि संध्याकाळी साडेसहाची. मधे मेहरूण ते पिंप्राळा स्कूटीवर ये-जा. आपल्याकडचा मे कसा असतो ते खान्देशातल्यांना सांगायला नको. पारा ४४-४५ वर, अकराची बॅच संपवून बाहेर पडलं की हँडल धरवत नाही. तो सरतो न सरतो तोच २१ जून येतो. २०१५ पासून योग दिन सुरू झाला तेव्हापासून त्या दिवसांत शाळा, बँका, कॉलनीतली मंडळं, सगळ्यांचे फोन. नाही म्हणवत नाही, कारण नवीन माणसं त्याच दिवसांत जोडली जातात आणि घर त्यावर चालतं.

यंदा मात्र शरीर बोलायला लागलंय. रात्री दोनला जाग येते, जबडा आवळलेला असतो. परवा मुलीनं दप्तर सापडत नाही म्हटलं, एवढ्यावरून मी तिच्यावर ओरडले. सासूबाई अमळनेरच्या, त्यांनी जवळ बसवून विचारलं, "काय व्हयनं व माय?" मला रडूच आलं.

ध्यान कसं करायचं ते मला ठाऊक आहे, म्हणून हे विचारायला अवघड जातंय. डोळे मिटले की माझ्या डोक्यात बॅच सुरू होते. "श्वास घ्या, सावकाश सोडा, खांदे सैल" हा माझाच आवाज. एकटी बसले तरी मी समोरच्या कुणाला तरी सूचना देत असते, पुढचं आसन कोणतं, वेळ किती उरला, हे चालूच. ॲप लावून पाहिलं तर सांगणाऱ्या बाईंच्या सूचना मी तपासत बसले. इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराचं खूप मनात आहे, भुसावळ लाइनवरच आहे ते. पण दहा दिवस बॅच बंद ठेवल्या तर किती जण परत येतील याची खात्री नाही, आणि मुलगी लहान आहे.

तुमच्यात कुणी शिकवणारे असतील, योग, संगीत, काहीही, तर सांगा: शिकवणाऱ्याचा हा आवाज बंद कसा करता? दिवसात सलग वीस मिनिटं मिळत नाहीत, हे धरून सांगा.

प्रतिसाद

ताई, मी धुळ्याची, वर्ग घेणं आता थांबवलंय. हे माझंही झालं होतं, म्हणून लिहिते.

आवाज बंद करायला जाऊ नका. आला की मनात "शिकवणं" एवढंच म्हणा आणि सोडा. दिवसातून शंभरदा म्हणावं लागलं तरी चालेल.

दुसरं, आपण वर्षानुवर्षं प्राणायाम शिकवतो, म्हणजे श्वास लांबवतो, रोखतो, मोजतो. त्यामुळे नुसता पाहायला बसलं तरी हात त्याला लागतोच. आनापानात, म्हणजे विपश्यनेतल्या श्वासाच्या ध्यानात, श्वास आहे तसा पाहायचा असतो, आखूड तर आखूड. ते जमेना म्हणून मी काही महिने श्वास सोडूनच दिला आणि तळपाय धरले. जमीन कुठे टेकते, टाच की बोटं, गार की गरम. तळपायांबद्दल आपण वर्गात फारसं बोलत नाही, म्हणून तिथे शिकवणारी बाई लवकर येत नाही.

वेळेचं म्हणाल तर स्कूटी लावल्यावर हेल्मेट काढायच्या आधी एक मिनिट. कळण्याची भाकरी थापताना फक्त हाताखालचं पीठ. हे कमी प्रतीचं नाही. १९७९ साली अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी तणावासाठी ध्यानाचा अभ्यासक्रम सुरू केला, त्यातही बसण्याबरोबर चालणं आणि खाणं होतं.

आणि पाचातली एक बॅच कमी करा. चारची ऑनलाइन असेल तर तीच. दोनची जाग तीन-चार आठवड्यांत गेली नाही तर डॉक्टरांना दाखवा. मानसिक त्रासासाठी टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मोफत, रात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. मी तेव्हा लाजून कुणालाच सांगितलं नाही, आणि ते चुकलं.

धागाकर्ती

ताई, खूप आभार. तळपायांचं आज संध्याकाळच्या बॅचआधी करून पाहिलं, जिन्यात उभी राहून. दीड मिनिट असेल. आवाज आला, पण उशिरा आला.

एक विचारायचं राहिलं. वर्ग शवासनात असतो ती सात-आठ मिनिटं मी घड्याळाकडे बघत काढते. तेव्हा मीही डोळे मिटावेत का, की समोर माणसं झोपलेली असताना ते बरोबर नाही?

प्रतिसाद

मिटू नका. एखाद्याला चक्कर येते, कुणाच्या पाठीला त्रास होतो, लक्ष हवंच. उघड्या डोळ्यांनी भिंतीला टेकून उभ्या राहा, तळपाय तिथेही आहेतच. घड्याळ मात्र मोबाइलच्या गजरावर सोपवा.